जास्त रनिंग झालेली, परवडणारी सेकंड हँड स्पोर्ट्स कार घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘जास्त चाललेली’ गाडी म्हणजे नेमकी किती चाललेली?

या पानावर दीड लाख किलोमीटर किंवा त्याहून अधिक अंतर कापलेली गाडी गृहीत धरली आहे. मीटर मैलांत असेल, तर एक लाख मैल म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार किलोमीटर होतात, हे आधी तपासावे. बोलताना आपण ‘मायलेज’ हा शब्द इंधनाच्या ॲव्हरेजसाठी वापरतो, त्यामुळे गोंधळ टाळण्यासाठी कापलेल्या अंतराला येथे सर्वत्र ‘रनिंग’ म्हटले आहे.

इतकी चाललेली स्पोर्ट्स कार घेणे धोक्याचे नाही का?

धोका आहे, पण तो मीटरच्या आकड्यात कमी आणि गाडी त्या आकड्यापर्यंत कशी पोहोचली यात जास्त आहे. लांबच्या रस्त्यांवर एका लयीत चाललेल्या आणि वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या इंजिनाची झीज, रोज चार-पाच किलोमीटर जाऊन पुरते गरम होण्याआधीच बंद होणाऱ्या इंजिनापेक्षा पुष्कळदा कमी असते. इंजिनाची बरीचशी झीज ऑइल गरम होण्यापूर्वीच्या मिनिटांत होते, आणि छोट्या फेऱ्यांमध्ये ऑइलमध्ये मिसळलेले इंधन व बाष्प उडून जाण्याइतकी उष्णताच निर्माण होत नाही.

स्पोर्ट्स कार ही हौसेची वस्तू असल्यामुळे तिचे मालक दोन टोकांचे आढळतात. एक जण प्रत्येक पावती जपून ठेवतो आणि इंजिन गरम झाल्याखेरीज निम्म्या रेव्हच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) वर जात नाही. दुसरा सकाळी गाडी सुरू करून पहिल्याच वळणावर टॅकोमीटरचा (रेव्ह दाखवणाऱ्या मीटरचा) काटा लाल पट्ट्यापर्यंत नेतो. मीटरवर मात्र दोघांचे आकडे सारखेच दिसतात. खरेदीपूर्वीच्या साऱ्या तपासणीचा उद्देश, आपल्यासमोरची गाडी या दोघांपैकी कोणाच्या हाताखालून आली आहे, हे शोधणे हाच आहे.

या गाड्या इतक्या स्वस्त का मिळतात?

कारण गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. नवी असताना महाग असलेल्या गाडीचे ब्रेक डिस्क, शॉकअब्सॉर्बर आणि क्लच पंधरा वर्षांनंतरही महाग गाडीच्याच दराने मिळतात. आधीच्या मालकाने बहुधा हाच हिशेब करून, मोठे काम तोंडावर आले असताना, गाडी विकायला काढलेली असते. यात गैर काही नाही. मात्र ते काम कोणते आहे हे सौदा करण्यापूर्वी आपल्याला ठाऊक हवे.

माझा ठोकताळा असा आहे की हाताशी असलेली सगळी रक्कम गाडीत घालू नये. तिचा किमान चौथा हिस्सा पहिल्या वर्षातील कामांसाठी राखून ठेवावा. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी एक पायरी खालची, पण चांगल्या अवस्थेतील गाडी घ्यावी. सर्वांत महाग पडते ती आलिशान मॉडेलमधली सर्वांत स्वस्त गाडी.

कोणत्या गाड्यांचा विचार करावा?

याचे उत्तर चालवणाऱ्याच्या आवडीवर अवलंबून असले, तरी काही गाड्यांची दुखणी इतकी परिचित झाली आहेत की त्यांची तपासणी सोपी होते. ओळखीचा आजार असलेली गाडी मला अनोळखी गाडीपेक्षा केव्हाही बरी वाटते.

१९८९ मध्ये आलेली माझदा एमएक्स-५ ही या वर्गातील सर्वांत निर्धास्त निवड आहे. मागच्या चाकांना ताकद देणारे साधे, चार सिलिंडरचे इंजिन, हलके वजन आणि सहज मिळणारे भाग यांमुळे ती दोन लाख किलोमीटरनंतरही चांगली चालू शकते. तिचा शत्रू गंज आहे. पहिल्या दोन पिढ्यांमध्ये दारांखालच्या पट्ट्या मागच्या चाकांजवळ आतून कुजतात, आणि दुसऱ्या पिढीत पुढच्या बाजूच्या चॅसिस रेल्सही (सांगाड्याचे लांब पोलादी भाग) खालून पाहाव्या लागतात. कापडी छताचे पाणी वाहून नेणारी छिद्रे कचऱ्याने बुजली की पाणी थेट त्या पट्ट्यांमध्ये साचते. म्हणजे इंजिन ठणठणीत आणि सांगाडा पोकळ, अशी गाडी समोर येऊ शकते.

होंडा एस२००० चे (१९९९ ते २००९) दोन लिटरचे इंजिन मिनिटाला सुमारे ९,००० फेऱ्यांपर्यंत जाते आणि टर्बोशिवाय (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्रणेशिवाय) २४० अश्वशक्तीच्या आसपास ताकद देते. इतक्या वेगाने फिरणाऱ्या इंजिनात ऑइलची पातळी कमी राहणे जीवघेणे ठरते, म्हणून विक्रेत्याने डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजण्याची पट्टी) किती वेळा पाहिली, हा प्रश्न येथे सर्वांत महत्त्वाचा आहे. टायमिंग चेन (पिस्टनच्या लयीत वॉल्व्ह उघडणारी साखळी) ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा खडखडाट ऐकू येतो का, हेही पाहावे. चांगल्या प्रती आता स्वस्त राहिलेल्या नाहीत.

पोर्श बॉक्स्टर १९९६ मध्ये आली आणि जुन्या प्रती मोहात पाडतील अशा किमतीला मिळतात. पहिल्या पिढीच्या इंजिनात मधल्या शाफ्टचे एक बेअरिंग असते. ते फुटले तर त्याचे तुकडे इंजिनभर पसरतात, टायमिंग सरकते आणि वॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन निकामी होते. साधारण २००० ते २००५ या काळात वापरलेले एकेरी (गोळ्यांची एकच ओळ असलेले) बेअरिंग अधिक बदनाम आहे. २००९ च्या मॉडेलपासून नव्या रचनेच्या इंजिनात तो शाफ्टच राहिला नाही. हे बेअरिंग गिअरबॉक्स आणि क्लच काढल्यावर हाताशी येत असल्याने जाणते मालक क्लच बदलतानाच तेही बदलून घेतात. क्लचची पावती असेल, तर त्याच पावतीत बेअरिंगचा उल्लेख आहे का, हे आवर्जून पाहावे.

माझदा आरएक्स-८ (२००३ ते २०१२) दिसायला देखणी, चालवायला मजेदार आणि बाजारात सर्वांत स्वस्त असते, आणि त्याला सबळ कारण आहे. तिच्या रोटरी इंजिनात पिस्टन नसतात. फिरणाऱ्या रोटरच्या टोकांवरील सील झिजले की कम्प्रेशन (ज्वलनापूर्वी इंजिनात दाबलेल्या हवेचा दाब) पडते. गरम इंजिन बंद करून पुन्हा सुरू करताना स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागला, तर सील झिजल्याची शंका धरावी. या इंजिनाला ऑइल लागतेच, कारण सीलना वंगण मिळावे म्हणून ते मुद्दाम ज्वलनकक्षात सोडले जाते. ‘ही ऑइल खात नाही’ असे विक्रेता अभिमानाने सांगत असेल, तर त्याने डिपस्टिक कधी काढलीच नसावी. रोटरीसाठीच्या खास उपकरणाने केलेल्या कम्प्रेशन टेस्टच्या कागदाशिवाय ही गाडी घेऊ नये. इंजिन पुन्हा बांधण्याचा खर्च आधीच मनात धरला असेल, तर गोष्ट वेगळी.

बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मध्ये कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे आणि मागचा सबफ्रेम (मागच्या चाकांची जोडणी पेलणारी चौकट) जेथे पत्र्याला जोडलेला असतो तेथील तडे, अशी दोन महागडी ठिकाणे आहेत. निसान ३५०झेड तुलनेने दणकट आहे, तिचे ३.५ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन बरेच सोसते, पण त्याच्या नंतरच्या, अधिक रेव्ह घेणाऱ्या आवृत्तीत ऑइल खाण्याची तक्रार आढळते. टोयोटा जीटी८६ आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड २०१२ पासूनच्या असल्याने वयाने लहान आहेत. सुरुवातीच्या गाड्यांतील वॉल्व्ह स्प्रिंग बदलण्यासाठी २०१८ मध्ये रिकॉल (कंपनीने गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणे) निघाला होता, तेव्हा ते काम झाले का आणि कोणी केले, हे कागदावर पाहावे.

एवढी चाललेली गाडी घेण्यापेक्षा कमी रनिंगची जुनी गाडी बरी नाही का?

नेहमीच नाही. वीस वर्षांत केवळ ४० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे रबरी पाइप, सील, बुश (जोडांमधील रबरी गाद्या) आणि टायर वयानेच कडक झालेले असतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, टाकीतले पेट्रोल शिळे होते, आणि एसीचे सील गाडी उभी राहून सुकतात. अशी गाडी नियमित चालवायला घेतली की पहिल्या वर्षात एकामागून एक गळत्या सुरू होतात, आणि कमी रनिंगसाठी मोजलेली जादा किंमत गॅरेजमध्ये पुन्हा मोजावी लागते.

मीटर मागे फिरवले आहे, हे कसे ओळखावे?

डिजिटल मीटरचा आकडा बदलता येतो. झीज मात्र बदलता येत नाही. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, स्टिअरिंगवरील चामडे, गिअरची मूठ आणि पेडलची रबरे ही चार ठिकाणे एकमेकांशी आणि मीटरशी जुळली पाहिजेत. ६० हजार किलोमीटरच्या गाडीत पेडलची रबरे गुळगुळीत असतील, किंवा उलट दीड लाखाच्या गाडीत फक्त तीच कोरी असतील, तर विचारणा करावी. अनेक गाड्यांमध्ये रनिंगची नोंद मीटरशिवाय इतर कंट्रोल युनिटमध्येही राहते, आणि त्या कंपनीच्या गाड्यांचा स्कॅनर असलेला मेकॅनिक ती वाचू शकतो. सर्वांत खात्रीचा पुरावा मात्र जुन्या सर्व्हिसच्या पावत्यांवरील तारखा आणि आकड्यांचा क्रम हाच असतो.

सर्व्हिसच्या नोंदींत काय पाहावे?

शिक्क्यांपेक्षा पावत्यांना अधिक वजन द्यावे. पुस्तकातला शिक्का ‘सर्व्हिस झाली’ एवढेच सांगतो. पावती कोणते ऑइल, किती लिटर आणि कोणते भाग हे सांगते. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात तो साधारण एक लाख किलोमीटरच्या आसपास, आणि रनिंग झाले नसले तरी वर्षांच्या मर्यादेनुसार, बदलावा लागतो. अचूक अंतर निर्मात्याच्या पुस्तकात दिलेले असते. बेल्ट बदलल्याचा पुरावा नसेल, तर तो बदललेलाच नाही असे मानून त्या कामाची रक्कम भावातून वजा करावी. ‘मित्राने घरीच बदलला’ हे उत्तर खरेही असू शकते, पण त्याला किंमत देता येत नाही.

चॅसिस नंबर गाडीवर, काचेखाली किंवा दाराच्या चौकटीत जेथे जेथे असेल तेथे तो कागदपत्रांशी जुळवून पाहावा. १९८१ नंतर रूढ झालेल्या पद्धतीत हा क्रमांक १७ अक्षरांचा असतो.

गाडी पाहायला जाताना इंजिन थंडच असावे, असे का सांगतात?

गरम इंजिन बऱ्याच गोष्टी लपवते. भेटीच्या वेळी गाडी सुरू करू नका, असे विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगावे आणि पोहोचल्यावर प्रथम बोनेटवर हात ठेवावा. बोनेट गरम लागले तर विक्रेता लबाडच आहे असे नाही, पण तपासणी दुसऱ्या दिवशी करावी.

सुरू करण्यापूर्वी डिपस्टिक आणि कूलंटची टाकी पाहावी. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ, चिकट थर असेल, तर तो केवळ छोट्या फेऱ्यांच्या बाष्पामुळे असू शकतो; पण डिपस्टिकवरही तोच रंग असेल, किंवा कूलंटवर तेलाचा तवंग असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांमधील सील) गेल्याची दाट शक्यता असते. मग कोणाला तरी चावी फिरवायला सांगून आपण सायलेन्सरच्या मागे उभे राहावे. सुरू होताना क्षणभर निळा धूर निघून थांबला, तर वॉल्व्हचे सील झिजलेले असतात, आणि हे काम बहुधा आवाक्यातले असते. निळा धूर गाडी चढावर ओढत असताना सतत येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असे समजावे. थंड हवेत पांढरी वाफ स्वाभाविक आहे, मात्र इंजिन गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट जळत आहे.

पहिल्या काही सेकंदांतील आवाजही ऐकावा. ऑइलचा दाब येईपर्यंतची हलकी टकटक अनेक इंजिनांत असते. इंजिनाच्या तळातून येणारा, रेव्हबरोबर वाढणारा जड ठोका मात्र बेअरिंगचा असतो आणि तेथून नमस्कार करून परतावे. मग गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो का आणि तापमानाचा काटा स्थिर राहतो का, हे पाहावे.

चेक इंजिनचा दिवा लागत नाही. मग स्कॅनर कशाला?

कारण दिवा विकण्याच्या दिवशी सकाळी बंद करता येतो. एरर कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाड) पुसले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्यांची नोंदही कोरी होते, आणि साध्या स्कॅनरवर त्या ‘अपूर्ण’ दिसतात. रोज वापरातली गाडी असे सांगितले जात असताना त्या अपूर्ण निघाल्या, तर नुकतेच काहीतरी पुसले आहे किंवा बॅटरी काढली आहे. शिवाय चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा क्षणभर लागला पाहिजे. लागलाच नाही, तर बल्ब काढून टाकला आहे का, हे विचारावे.

कम्प्रेशन टेस्ट प्रत्येक गाडीची करावी का?

गाडी पसंत पडल्यावर, पैसे देण्यापूर्वी, करावी. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमधील फरक किती, हे महत्त्वाचे असते. दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर लीक-डाउन टेस्ट करून हवा कोठून निसटते हे पाहता येते. हवा इनटेकमधून (हवा आत घेणाऱ्या मार्गातून) किंवा सायलेन्सरमधून आली तर वॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, आणि कूलंटमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. विक्रेत्याने या चाचण्यांना नकार दिला, तर तो नकारच उत्तर समजावे.

गाडी ऑइल खाते, असे विक्रेता प्रामाणिकपणे सांगतो. घ्यावी का?

किती खाते, यावर अवलंबून आहे. काही निर्माते हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंतचा वापर चालण्याजोगा मानतात, पण तो आकडा त्यांच्या वॉरंटीच्या सोयीचा आहे, आपल्या सोयीचा नाही. हजार किलोमीटरला पाव लिटर असेल, तर डिकीत डबा ठेवून वर्षानुवर्षे चालवता येते. मोजून सांगणारा मालक हीच त्या गाडीची जमेची बाजू.

टेस्ट ड्राइव्हमध्ये कशाकडे लक्ष द्यावे?

रेडिओ बंद आणि काचा खाली, एवढी तयारी पुरेशी आहे. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगावरून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर रेव्ह वाढले आणि वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लचप्लेट घसरते आहे. दुसरा गिअर थंड असताना अडखळला तर चालेल, पण वरून दुसऱ्यात येताना करकर झाली तर सिंक्रोनायझर (गिअर बदलताना त्यांचा वेग जुळवणारा भाग) झिजला आहे. जोरात चालवलेल्या गाडीत तो बहुधा सर्वांत आधी जातो. खडबडीत रस्त्यावर पुढून येणारा ठोका बॉल जॉइंट किंवा बुशचा असतो, आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सोडताच गाडी एका बाजूला ओढत असेल, तर कारण साध्या अलाइनमेंटपासून वाकलेल्या सांगाड्यापर्यंत काहीही असू शकते. म्हणून गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहणे टाळू नये. पत्र्याचा रंग एखाद्याच पॅनेलवर जाड असणे, बोल्टच्या डोक्यांवर पान्याच्या खुणा असणे आणि दारांमधील फटी असमान असणे, या अपघातानंतरच्या कामाच्या खुणा आहेत.

रेसट्रॅकवर चालवलेली किंवा मॉडिफाय केलेली गाडी घ्यावी का?

ट्रॅकवर गेलेली गाडी वाईटच असते असे नाही. तेथे नेणारे काही मालक दर दोन-तीन दिवसांच्या वापरानंतर ऑइल आणि ब्रेक ऑइल बदलतात. लपवाछपवी मात्र वाईट. ब्रेक डिस्कवरील उष्णतेचे बारीक तडे, टायरच्या कडा विरघळल्यासारख्या दिसणे आणि सीटजवळ जादा बेल्टसाठी पाडलेली छिद्रे, ही लक्षणे पाहून मग सरळ विचारावे.

मॉडिफिकेशनबद्दल माझे मत कठोर आहे: ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकात बदल केलेली आणि टर्बोचा दाब वाढवलेली गाडी, ते काम कोणी आणि कोणत्या आकड्यांवर केले याचा कागद नसेल, तर घेऊ नये. चांगले शॉकअब्सॉर्बर किंवा चांगले ब्रेक पॅड हा भाग वेगळा. मूळ भाग विक्रेत्याकडे असतील, तर ते सौद्यात मागून घ्यावेत. विमा कंपनीला प्रत्येक बदल कळवावा लागतो का, हेही आधी विचारून ठेवावे.

टर्बो की बिनटर्बो?

या रनिंगला बिनटर्बो. बिघडणारे भाग कमी असतात.

रोजच्या वापरासाठी अशी एकच गाडी ठेवता येईल का?

येईल, पण भाग मागवल्यावर गाडी चार दिवस किंवा चार आठवडे गॅरेजमध्ये उभी राहू शकते, आणि त्या काळात कामावर कसे जायचे याचे उत्तर तयार हवे. दुसरे वाहन नसणाऱ्यांनी भाग मुबलक मिळणाऱ्या मॉडेलच्या बाहेर जाऊ नये.

भाव कसा करावा?

तपासणीत निघालेल्या कामांची यादी मेकॅनिककडून खर्चासह लिहून घ्यावी आणि ती विक्रेत्यासमोर ठेवावी. ‘जरा कमी करा’ या विनंतीपेक्षा ‘क्लच आणि चार टायर करावे लागणार आहेत’ हे वाक्य अधिक चालते. टायरच्या बाजूवरील चार अंकांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ‘२३१६’ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली, तरी असे टायर बदलण्याच्याच यादीत धरावेत. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे आणि स्वस्तातले असतील, तर मालकाने जे डोळ्यांना दिसते तेथे पैसे वाचवले आहेत. जे दिसत नाही तेथे त्याने काय केले असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

गाडी घेतल्यावर सर्वांत आधी काय करावे?

इंजिन ऑइल व फिल्टर, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलचे ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल हे सर्व, आधीच्या मालकाने काहीही सांगितले असले तरी, एकदा बदलून घ्यावे. काढलेले जुने इंजिन ऑइल स्वच्छ भांड्यात घेऊन त्यात धातूचे चमकणारे कण आहेत का, आणि जुना फिल्टर कापून त्याच्या घड्यांत काही अडकले आहे का, हे मेकॅनिकला दाखवायला सांगावे. त्या दिवशीच्या रनिंगचा आकडा नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावा, आणि पहिले हजार किलोमीटर दर आठवड्याला, सपाट जागी, थंड इंजिनावर डिपस्टिक पाहून पातळी त्याच वहीत नोंदवावी.